मेडिकल कौन्सिलची नोटीस आणि वर्गणीवरची वकिली मदत : एका स्त्रीरोगतज्ज्ञाचं परीक्षण

डॉक्टरांना कायद्याची मदत पुरवणारी, वार्षिक वर्गणीवर चालणारी एक सेवा मी बरीच वर्षं घेते आहे. सुरुवातीला नुसती पावती फाइलला लागायची. मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या संस्थेची, नोटीस आली, आणि ही माणसं नेमकी काय करतात, कुठे कमी पडतात, ते जवळून बघायला मिळालं. आमच्या भागातले तरुण डॉक्टर मला सारखं विचारतात, "मॅडम, हे घ्यावं का? इंडेम्निटी पॉलिसी तर आहेच आमच्याकडे." ही पॉलिसी म्हणजे भरपाईच्या दाव्यासाठीचा विमा. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

सेवेचं नाव मी देत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलांना आपली जाहिरात करता येत नाही, आणि ही सेवा चालवणारी मंडळी वकीलच आहेत. मी त्यांचं भरपूर कौतुक करणार आहे. ते त्यांच्या अडचणीचं ठरू नये. पेशंटची ओळख पटेल असेही तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. तक्रार करण्याचा त्या कुटुंबाचा हक्क मला तेव्हाही मान्य होता आणि आजही आहे.

सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं बारा खाटांचं नर्सिंग होम आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, माझे यजमान बालरोगतज्ज्ञ. ज्या केसवरून नोटीस आली, त्या पेशंटची दुसरी खेप होती, पहिलंही सिझेरियनच. बाळ छान रडलं, पण गर्भपिशवी आकसेना. ऑक्सिटोसिन, मिथर्जिन, कार्बोप्रोस्ट ही पिशवी आकसवणारी औषधं सगळी देऊन झाली, ती आवळून धरणारे बी-लिंचचे टाके घातले, तरी रक्त थांबेना. साठवणूक केंद्रातल्या रक्ताच्या दोन पिशव्या लावल्या होत्या. पुढचं रक्त गाडीने तासाभराच्या अंतरावर, आणि ते आणायला तिचा नवराच गेला होता. त्याचा फोन लागत नव्हता. गावातल्या दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, बोलावून घेतलं. त्यांनी बघितलं, आणि आम्ही दोघींनी मिळून गर्भपिशवी काढायचा निर्णय घेतला. पेशंट कमरेच्या भुलीखाली, पूर्ण शुद्धीवर होती. तिला सांगितलं, तिने मान हलवून "करा, पण मला वाचवा" म्हटलं. भूलतज्ज्ञांनी ते शब्द तिथल्या तिथे आपल्या कागदावर लिहिले. बाहेर सासूबाईंनी सही केली. पेशंट वाचली, दहाव्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली.

काही महिन्यांनी रजिस्टर एडीने लिफाफा आला. तक्रारदार नवरा. मुद्दे दोन : माझ्या सहीशिवाय बायकोची पिशवी काढली, आणि वेळेत सोलापूरला पाठवलं नाही.

इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगायला हवी, कारण या सेवेचं मोल तिच्याशिवाय कळणार नाही. डॉक्टरविरुद्धची तक्रार तीन वाटांनी जाते. ग्राहक आयोगात भरपाई मिळते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून ही वाट पक्की आहे. दुसरी वाट पोलिसांची. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, त्यात नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिसरी कौन्सिलची. कौन्सिल भरपाई देत नाही, तुरुंगात पाठवत नाही. ते तुमच्या नोंदणीला हात घालतं. ताकीद मिळू शकते, किंवा रजिस्टरमधून नाव ठरावीक काळासाठी वा कायमचं काढलं जाऊ शकतं. भरपाई विमा कंपनी भरेल. नाव निघालं तर माझ्या बदल्यात सिझेरियन कोण करणार?

आणि या तिन्ही वाटा एकमेकींना मिळतात. कौन्सिलला दिलेला खुलासा तक्रारदाराला मिळतो आणि तोच कागद उद्या ग्राहक आयोगात जोडला जातो. तिथे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे खुलाशातलं एखादं रागाने लिहिलेलं वाक्य पुढची कितीतरी वर्षं तुमच्या मागे येऊ शकतं. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. या सेवेतल्या वकील मॅडमनी पहिल्या फोनवर शिकवलं.

तो फोन मी नोटीस आली त्याच संध्याकाळी केला. हेल्पलाइनवर आधी समन्वयक येतो, तो वकील नसतो. त्याने नोटिशीचे फोटो मागितले, तारीख विचारली आणि तासाभरात मॅडमचा फोन येईल म्हणाला. आला. त्यांनी केस काय आहे हे विचारलंच नाही. आधी विचारलं, "मूळ केसपेपर कुठे आहेत?" मग एकेक सूचना सांगत गेल्या आणि मला लिहून घ्यायला लावलं. मूळ कागदांवर आता पेनाचा एक ठिपकासुद्धा पडता कामा नये. चूक दिसली तरी नाही, अक्षर लागत नसलं तरी नाही. पानांना क्रमांक न घालता आधी झेरॉक्स, क्रमांक झेरॉक्सवर. मूळ कागद पाकिटात, पाकिटावर तारीख आणि दोघांच्या सह्या, पाकीट कपाटात. ओटी रजिस्टर, रक्ताच्या पिशव्यांच्या पावत्या, औषधांची बिलं, भूलतज्ज्ञांचा चार्ट, सगळ्याच्या प्रती. त्या दिवशी ड्यूटीवर कोण कोण होतं त्याचा हजेरीपट. सोशल मीडियावर अक्षर लिहायचं नाही. डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी विचारलं, पेशंटच्या घरी फोन करून बोलू का? मला खरंच तिच्याशी बोलावंसं वाटत होतं. त्या म्हणाल्या, केसबद्दल आता बोलायचं नाही. पण ती पेशंट म्हणून दारात आली तर नेहमीसारखं तपासायचं, नेहमीसारखं लिहायचं. आणि झालंही तसंच. बाळाच्या लसी आमच्याच ओपीडीत चालू होत्या. नोटीस आल्यानंतरच्या महिन्यात ती गोवराच्या डोससाठी बाळाला घेऊन आली. यजमानांनी बाळ तपासलं, वजन कार्डावर भरलं, लस दिली. तिने माझी चौकशी केली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता त्या दिवशी, पण काय करायचं आणि काय नाही, हे मला आधीच माहीत होतं. एवढ्यासाठी मी या सेवेची ऋणी आहे.

पुढच्या रविवारी पुण्यात त्यांच्या कार्यालयात बसलो. मॅडमबरोबर त्यांचे एक सहकारी होते, एमबीबीएस करून मग एलएलबी केलेले. ही जोडगोळी मला सेवेतली सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. नुसत्या वकिलाला मिथर्जिन म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं असतं. या डॉक्टर-वकिलांनी माझे कागद तक्रारदाराच्या नजरेने वाचले, आणि ते बघताना मला घाम फुटला. त्यांनी भूलतज्ज्ञांचा चार्ट आणि सिस्टरांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या. एकात दुसऱ्या डॉक्टर आल्याची वेळ १:४०, दुसऱ्यात १:५२. ओटीतलं घड्याळ आणि वॉर्डातलं घड्याळ वेगळं चालत होतं, एवढंच त्याचं कारण. ते म्हणाले, "हे आपणहून पहिल्या पानावर सांगायचं. घड्याळांचा फरक लिहून टाकायचा. त्यांनी शोधून काढलं तर ते लपवाछपवी दिसेल." रक्तपेढीच्या पावतीवर छापील वेळ होती. सगळा क्रम त्यांनी त्या पावतीला बांधला, कारण ती आमच्या हातची नव्हती.

मग संमतीचा मुद्दा. इंडियन मेडिकल कौन्सिलचे आचारसंहितेचे २००२ सालचे नियम आजही चौकशीला लागू आहेत. त्या कौन्सिलच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. २००२ च्या नियमांत ७.१६ हा नियम म्हणतो की ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येऊ शकतं, तिला पती आणि पत्नी दोघांची संमती हवी. तक्रारदाराच्या वकिलाने नेमकं त्यावर बोट ठेवलं होतं. वाचल्यावर मला वाटलं, संपलं सगळं.

मॅडमनी सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली निकाल समोर ठेवला. वरवर पाहता तो निकाल डॉक्टरच्या विरोधात गेलेला आहे. दुर्बिणीने तपासणीची संमती घेऊन डॉक्टरने गर्भपिशवी आणि बीजकोश काढले, पेशंट भुलीत असताना तिच्या आईची सही घेतली. न्यायालयाने सांगितलं, सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने तिची आई संमती देऊ शकत नाही. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की जीव वाचवण्यासाठी तातडीने करावीच लागली, थांबणं शक्यच नव्हतं, अशी जादा शस्त्रक्रिया संमतीशिवायही समर्थनीय ठरते. मॅडम म्हणाल्या, "सासूबाईंच्या सहीवर आपण अवलंबून राहायचंच नाही. त्या सहीचं कायद्यात वजन नाही. आपली संमती पेशंटची स्वतःची आहे, ती भूलतज्ज्ञांनी लिहिली आहे. आणि आपली निकड दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सहीने सिद्ध होते." आम्ही डॉक्टर नातेवाइकाची सही मिळाली की हुश्श करतो. त्या दिवशी माझ्या डोक्यात ही उतरंड उलटी झाली. आता माझ्या सिझेरियनच्या संमतीपत्रात, मराठीत, मोठ्या अक्षरात, गर्भपिशवी काढावी लागण्याची शक्यता लिहिलेली असते. पतिपत्नी दोघांच्या सह्या ओटीत जायच्या आधी होतात, आणि मी स्वतः वाचून दाखवते.

खुलाशाचा मसुदा हा या सेवेच्या कामाचा गाभा. मी सात पानं लिहून पाठवली होती. त्यांच्याकडून आली ती साडेतीन पानं. काय काय गेलं होतं? आमच्या हॉस्पिटलने किती वर्षं सेवा केली ते गेलं. तक्रारदार पैशासाठी करतोय, असं मी एका वाक्यात सुचवलं होतं, ते लाल शाईने खोडलेलं. मॅडमनी समासात लिहिलं होतं : "त्याची बायको त्या रात्री मरणाच्या दारात होती आणि तो रक्ताची पिशवी घेऊन रस्त्यात होता. परत आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्याचा राग खरा आहे असं धरूनच लिहायचं." हे वाचून मी थोडा वेळ काही बोलू शकले नाही. डॉक्टरांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाने हे लिहावं, यातच मला त्यांची उंची दिसली. आणि व्यवहारातही तेच बरोबर होतं. खुलाशात पेशंटबद्दल एकही कडवट शब्द नव्हता. तारीख, वेळ, काय दिसलं, काय केलं, का केलं, कोण हजर होतं, कुठल्या पानावर त्याची नोंद आहे. बस.

सोलापूरला का पाठवलं नाही, याचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा साधं निघालं : रक्तदाब ७० वर, पोट उघडं, रस्त्यात अर्ध्या तासात ती गेली असती. त्यावर त्यांनी मेडिकल कॉलेजातल्या निवृत्त प्राध्यापकांचा लेखी अभिप्राय घेतला. २००२ च्या नियमांतच म्हटलंय की डॉक्टरच्या कौशल्याचा प्रश्न समव्यावसायिकांनी जोखायचा असतो, त्यामुळे असा अभिप्राय फार कामाचा. त्याचे पंधरा हजार मात्र वेगळे पडले. वर्गणी घेताना हे कोणी ठळकपणे सांगितलं नव्हतं. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं.

सुनावणीला आम्ही कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून दादरला उतरलो आणि लोकलने चिंचपोकळीला कौन्सिलच्या कार्यालयात गेलो. २००२ च्या नियमांतल्या ८.२ प्रमाणे डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. पण समितीत बसलेले डॉक्टरच असतात, आणि त्यांना उत्तर वकिलाकडून नको असतं, ते तुमच्याकडे बघून विचारतात. मॅडमनी आदल्या आठवड्यात फोनवर माझी उलटतपासणी घेतली होती. रक्त थांबवायला गर्भपिशवीत फुगवतात तो बलून का वापरला नाही? दुसऱ्या डॉक्टरांना आधी का बोलावलं नाही? कार्बोप्रोस्टचे किती डोस, किती अंतराने? प्रत्येक उत्तरापुढे त्या विचारायच्या, "पान?" मी पान क्रमांक सांगायचा. प्रत्यक्षात समितीने जवळपास हेच विचारलं, शांतपणे, नीट ऐकून घेत. मॅडम एकदाच बोलल्या, समीरा कोहली निकालाचा तो परिच्छेद वाचून दाखवायला. बाकी वेळ माझ्या शेजारी बसून नुसती पानं पुढे सरकवत होत्या. चांगला वकील किती कमी बोलतो, ते मी त्या खोलीत पाहिलं.

तक्रारदारही आला होता, एकटाच. त्याला बोलायला पुरेसा वेळ मिळाला, आणि ते बरं झालं. तो म्हणाला, मला कोणी नीट सांगितलंच नाही. मला वाटतं, त्याला हवं होतं ते बरंचसं त्याला तिथे ऐकायला मिळालं, कारण त्या रात्रीचा सगळा क्रम त्याच्यासमोर पहिल्यांदा मांडला गेला. कौन्सिलने माझ्या बाजूने निर्णय दिला. विरोधात गेला असता तर साठ दिवसांत नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाकडे अपील करायचं, त्याचा मसुदासुद्धा मॅडमनी कच्चा करून ठेवला होता. २०१९ च्या कायद्यात हा अपिलाचा हक्क डॉक्टरला दिलाय, पेशंटचा उल्लेख नाही. हे मला पटत नाही. मॅडमनाही पटत नव्हतं.

आता पॉलिसीचा प्रश्न, कारण तरुण डॉक्टर तिथेच अडतात. माझ्याकडे एका विमा कंपनीची इंडेम्निटी पॉलिसी होती, अजून आहे. नोटीस आल्यावर मी नियमाप्रमाणे लगेच कळवलं. उत्तर आलं : तक्रारीत भरपाईची मागणी नाही, त्यामुळे बचावाचा खर्च आमच्याकडे येत नाही. पॉलिसीचे शब्द काढून पाहिले, तर त्यात खरंच "भरपाईच्या दाव्याच्या बचावाचा खर्च" असंच होतं. सगळ्या पॉलिसी अशा नसतात. काहींमध्ये शिस्तभंगाच्या चौकशीचा खर्च धरलेला असतो, काहींमध्ये जादा हप्ता भरून घेता येतो. तुमची पॉलिसी कपाटातून काढा आणि "डिफेन्स कॉस्ट" या शीर्षकाखालची ओळ वाचा. एजंटाच्या तोंडावर विसंबू नका.

इंग्लंडमध्ये लीड्सला असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला हे सांगितलं, तर तिला नवल वाटलं नाही. तिथेही तसंच आहे. हॉस्पिटलमधल्या नुकसानभरपाईचं एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, बघते, पण तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची चौकशी लागली तर ते कवच उपयोगाचं नाही. म्हणून तिथला जवळपास प्रत्येक डॉक्टर मेडिकल डिफेन्स युनियन किंवा तत्सम संस्थेचा सभासद असतो. ती युनियन १८८५ सालची. म्हणजे डॉक्टरांनी वर्गणी काढून एकमेकांच्या बचावाची सोय करायची ही पद्धत तिथे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि आपण अजून "मला कशाला लागेल" म्हणतो.

लागतं. आणि लागतं तेव्हा माणूस एकटा पडतो. जनरल मेडिकल कौन्सिलने स्वतः करवून घेतलेला आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २००५ ते २०१३ या काळात चौकशी चालू असताना २८ डॉक्टरांनी आत्महत्या केल्याची किंवा तसा संशय असल्याची नोंद आहे. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या लालसोटला एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरने जीव दिला. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने पेशंट दगावली होती आणि थेट खुनाचा गुन्हा दाखल झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर कारवाई करू नये असं बजावून साडेसोळा वर्षं झाली होती. ती बातमी वाचली तेव्हा मी ओपीडी बंद करून घरी आले होते. या सेवेतली मला सर्वांत खटकणारी उणीव म्हणूनच ही आहे : कागदाची काळजी त्यांनी उत्तम घेतली, पण डॉक्टरच्या झोपेचं, जेवणाचं, मनाचं विचारणारं तिथे कोणी नाही. मॅडम आपल्या स्वभावाने विचारायच्या, ते सेवेचा भाग म्हणून नव्हे. एक समुपदेशक पॅनेलवर ठेवायला यांना काय अवघड आहे? मला यजमानांचा आधार होता. ज्याला तो नाही, त्याने काय करायचं?

आणखी तक्रारी आहेत. आमच्या सिस्टरांचा जबाब त्यांच्या टंकलेखकाने मराठीत ऐकला, इंग्रजीत टाइप केला आणि सहीला पाठवला. सिस्टरना इंग्रजी वाचता येत नाही. न समजलेल्या कागदावर मी त्यांना सही करू देणार नव्हते, कारण हीच तर सगळी संमतीची केस होती. मी फोन करून भांडले, तेव्हा मराठी जबाब आणि खाली भाषांतर असं झालं. हे आपणहून व्हायला हवं होतं. माहितीपत्रकावर ज्या ज्येष्ठ वकिलांचा फोटो आहे, त्यांचं दर्शन मला कधीच झालं नाही. माझं नशीब की मॅडम त्यांच्याहून कमी नव्हत्या, पण दुसऱ्याला कोण मिळेल याची हमी मी देऊ शकत नाही. वर्गणी एका डॉक्टरपुरती असते. नर्सिंग होमला संस्था म्हणून नोटीस आली, किंवा सिस्टरना आली, तर वेगळं बघावं लागतं. आणि आधीच घडून गेलेल्या प्रसंगाला ही वर्गणी लागू होत नाही. नोटीस आल्यावर धावत जाऊन सभासद झालेल्या माझ्या एका परिचितांना त्यांनी सरळ नकार दिला. नियम म्हणून बरोबर आहे, पण त्यांना निदान दुसऱ्या वकिलाचं नाव सुचवायला हरकत नव्हती.

खर्चाचं सांगते. वर्गणी वर्षाला साडेनऊ हजार आणि वर जीएसटी. फोनवरचा सल्ला, कागद तपासणं, खुलासा, सुनावणीला वकील हे सगळं त्यात आलं. प्रवासखर्च, तज्ज्ञांचा अभिप्राय आणि अपील वेगळं. ओळखीतल्या ज्या डॉक्टरांनी ऐन वेळी खासगी वकील केला, त्यांना याच्या कितीतरी पट मोजावे लागले आणि शिवाय त्या वकिलाला कौन्सिलचं काम नवीन होतं.

नोटीस येण्याआधीही या वर्गणीचा उपयोग होतो, हे मला उशिराने कळलं. त्या पेशंटचा नवरा केसपेपर मागायला आला होता, तेव्हा मी हेल्पलाइनला विचारलं होतं. नियमाने लेखी मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. त्यांनी सांगितलं, आज अर्ज घ्या, उद्या द्या, पानं मोजून पोच घ्या. तशी पोच घेतलेली होती, आणि सुनावणीत कागद दिले नाहीत हा मुद्दा उभाच राहिला नाही. कागद तीन वर्षं सांभाळायचे असतात, पण बाळंतपणाचे कागद हे वकील त्याहून खूप जास्त काळ ठेवायला सांगतात. आमच्याकडे आता त्यासाठी वेगळं लोखंडी कपाट आहे. ओटी आणि वॉर्डातली घड्याळं सिस्टर दर सोमवारी मोबाइलशी जुळवतात आणि वहीत सही करतात.

कोणी घ्यावी? ज्यांच्या हातात सुरी आहे त्यांनी, म्हणजे प्रसूती, शस्त्रक्रिया, भूल करणाऱ्यांनी नक्की घ्यावी. छोट्या गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांनी तर आधी घ्यावी. मोठ्या रुग्णालयात नोकरी असेल, तर तिथला कायदा विभाग रुग्णालयाची बाजू आधी बघणार की तुमची, हे विचारून ठरवा. घेताना तीनच प्रश्न विचारा : कौन्सिलची चौकशी लेखी करारात आहे का, कागद वाचायला डॉक्टर-वकील आहे का, आणि सुनावणीला येणारा वकील याआधी कौन्सिलसमोर उभा राहिलेला आहे का.

यंदा नूतनीकरण करताना मी त्यांना दोन मागण्या लेखी पाठवल्या. कर्मचाऱ्यांचे जबाब मूळ मराठीतच घ्यावेत, ही पहिली. ती त्यांनी मान्य केली आणि नवा नमुना पाठवलाही. समुपदेशकाबद्दलची दुसरी. त्यावर "विचाराधीन आहे" असं उत्तर आलंय. मार्चमध्ये मी पुन्हा फोन करणार आहे.